चूक त्यांची, वही आपली

(महिला मंडळाच्या वर्धापनदिनी दातिवरे येथे केलेले भाषण)



वर्धापनदिन म्हणजे मंडळाच्या घरचे कार्य. अशा दिवशी गोडधोड बोलावे, गेल्या वर्षीच्या कामाचे कौतुक करावे आणि तिळगुळासारखे चार शब्द वाटून खाली बसावे, अशी रीत आहे. ती मोडण्याची माझी इच्छा नाही. परंतु चिटणीसबाईंनी मला सांगितले की, “या वेळी काही तरी मनातले बोला.” मनातले बोलावयाचे म्हटले की ते गोडच असेल याची हमी देता येत नाही. तेव्हा आधीच क्षमा मागून ठेवते. माझा आजचा विषयही क्षमेचाच आहे. मोठी माणसे चुकतात, चूक कबूल करतात आणि “आम्हीच ती दुरुस्त करू” असे वचन देतात, तेव्हा आपण काय करावे, एवढाच माझा प्रश्न आहे.

तुम्ही म्हणाल, हा पुढाऱ्यांचा विषय, बायकांच्या मंडळात कशाला? त्यासाठी आधी आपल्याच मंडळातली एक गोष्ट सांगते. ती माझ्याच चुकीची आहे, त्यामुळे कुणाला राग येण्याचे कारण नाही.

काही वर्षांपूर्वी मी आपल्या पापडाच्या कामाची खजिनदार होते. उडदाची डाळ, पापडखार, गॅस, रिक्षाभाडे असा सगळा हिशेब माझ्याकडे असे. वर्षअखेरीस बेरीज मांडली तर १,८४० रुपये जुळेनात. मी रात्रभर जागले, आकडे पुन्हा पुन्हा मांडले. पण ते काही जागेवर येईनात. दुसऱ्या दिवशी सभेत उभी राहिले आणि सरळ सांगितले की, “चूक माझी आहे. मी हे पैसे पदरचे भरते आणि पुढच्या महिन्यापासून वही नीट ठेवते.” बोलता बोलता माझा गळा दाटून आला. पाच-सहा जणी उठून माझ्याजवळ आल्या. कुणी पाणी दिले, कुणी पाठीवरून हात फिरवला. सगळ्या म्हणू लागल्या, “जाऊ द्या हो, माणूस आहे, चुकायचेच.”

तेवढ्यात एक वृद्ध काकी मागून बोलल्या. सारा जन्म त्यांनी डोक्यावर टोपली घेऊन सुकी मासळी विकली. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. त्या म्हणाल्या, “बाय, पैसे आत्ता भरू नको. आधी वही दे. चूक तुझी, ती तू कबूल केलीस, भलं केलंस. पण चूक कुठं झाली ते तूच शोधणार, तूच ती मिटवणार, आणि मिटली असं आम्हाला तूच सांगणार, तर मग आम्ही इथं कशाला बसलोय?”

सभा गप्प झाली. मलाही त्या वेळी ते बोल फार लागले. पण वही दुसऱ्या दोघी जणींकडे गेली. त्यांना आढळले की, एका महिन्याची बेरीज पुढच्या पानावर नेताना मी चुकीची उतरवली होती आणि तीच चूक पुढे तीन पानांवर चालत आली होती. मी पैसे भरून मोकळी झाले असते, तर १,८४० रुपये जुळले असते. परंतु चूक वहीतच राहिली असती. त्या दिवसापासून आपल्या मंडळात प्रत्येक पानावर दोघींच्या सह्या होऊ लागल्या. माझ्या रडण्याने जे झाले नसते, ते त्या दुसऱ्या सहीने झाले.

आता ही वही जरा बाजूला ठेवा आणि माझ्याबरोबर पालघरला चला.

३० ऑगस्ट २०२४ हा श्रावणातला शेवटचा शुक्रवार होता. घरोघरी जिवतीची पूजा चालू होती. नारळी पौर्णिमा होऊन अकराच दिवस झाले होते. त्या दिवशी पालघरच्या सिडको मैदानावर पंतप्रधान नरेंद्र मोदी यांची सभा झाली. वाढवण बंदराच्या पायाभरणीसाठी ते आले होते. परंतु त्याआधी चारच दिवस, २६ ऑगस्टला, मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील छत्रपती शिवाजी महाराजांचा सुमारे ३५ फुटी पुतळा कोसळला होता. हा पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, पंतप्रधानांच्याच हस्ते उघडला गेला होता. नऊ महिनेही पुरते झाले नव्हते. महाराष्ट्रातील घराघरांतून हळहळ आणि संताप उसळला होता. म्हणून पालघरच्या त्या व्यासपीठावरून पंतप्रधानांनी महाराजांच्या चरणी मस्तक ठेवून क्षमा मागितली, आणि ज्यांच्या भावना दुखावल्या त्यांचीही मागितली. त्यापूर्वी दोन दिवस त्या वेळचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनीही जनतेची माफी मागितली होती. त्याच जागी अधिक भव्य पुतळा उभारू, असे वचन राज्य सरकारने दिले.

भगिनींनो, क्षमा मागणे ही सोपी गोष्ट नव्हे. आपण सासुरवाशिणी आहोत, कित्येकींनी आयुष्यात “चुकले” हा शब्द दिवसातून दहा वेळा उच्चारला असेल. परंतु सत्तेच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या तोंडून तो क्वचितच बाहेर पडतो. म्हणून पंतप्रधानांनी मान झुकवली याला मी मोल देते. पुतळा त्यांनी स्वतः घडवलेला नव्हता, तरीही ते बोलले, हेही खरे. जे योग्य आहे ते योग्य म्हटल्यावाचून टीका करण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही.

पण आता त्या काकींसारखे विचारू या की, वही कुठे आहे?

पहिली गोष्ट अशी की, ती क्षमा जे घडले त्याबद्दल होती; कोणी काय केले याबद्दल नव्हती. ‘घडले’ या क्रियापदाला कर्ता लागत नाही. दूध उतू जाते तेव्हा घरातली लहान मुलगीही म्हणते, “आई, दूध उतू गेले.” “मी गॅस बारीक करायला विसरले” असे ती म्हणत नाही. तेवढे म्हणावयास तिला आपण शिकवतो. देशाच्या कारभाऱ्यांकडून आपण त्याहून कमी अपेक्षा का करावी?

दुसरी गोष्ट, त्याच भाषणात लगेच पुढे विरोधकांचा समाचार घेण्यात आला. सावरकरांना नावे ठेवणारे माफी मागत नाहीत, आमचे संस्कार वेगळे आहेत, असा त्यातला आशय होता. सावरकरांवर टीका करणाऱ्यांचे चुकले की नाही, हा वेगळा विषय आहे. पण कान धरून उभे असताना शेजारणीचे दोष काढावयाचे नसतात. तसे केले की ती क्षमा राहत नाही, तिचा वाद होतो. आणि झालेही तसेच. विरोधकांनी १ सप्टेंबरला मुंबईत हुतात्मा चौकापासून मोर्चा काढला, त्या माफीत मगरुरी असल्याचे सांगितले, आणि जोडे मारण्याची भाषा झाली. महाराज बाजूला राहिले. उरले ते दोन पक्ष. विरोधकांनाही माझे तेच सांगणे आहे. जोडे मारून पुतळ्याचे लोखंड का गंजले हे कळत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पुतळा का पडला? प्रथम सांगण्यात आले की, वारा ताशी ४५ किलोमीटरचा होता. आपण किनाऱ्यावर राहणाऱ्या बायका आहोत. वाऱ्याचे आपल्याला काय सांगावयाचे? आणि त्याच मालवणच्या समुद्रात समोर सिंधुदुर्ग उभा आहे. महाराजांनी तो १६६४ साली बांधावयास घेतला. साडेतीनशेहून अधिक पावसाळे त्याने अंगावर घेतले आहेत. वारा तोच, समुद्र तोच, खारी हवाही तीच. फरक कामात होता. पुढे तपासणीत गंज आणि सदोष जोडकाम ही कारणे पुढे आल्याचे वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झाले. राज्याच्या कला संचालकांनी त्या दिवसांतच सांगितले होते की, त्यांच्याकडे सहा फुटी प्रतिकृती मान्यतेसाठी आली होती. प्रत्यक्ष पुतळा ३५ फुटी होणार हे त्यांना कळविण्यात आले नव्हते. म्हणजे सहा माणसांच्या भाताचा अंदाज विचारावयाचा आणि त्याच अंदाजावर गावजेवण घालावयाचे! शिल्पकारावर व रचनेच्या सल्लागारावर गुन्हा दाखल होऊन त्यांना अटक झाली. ते रास्तच होते. परंतु नौदल दिनाचा मुहूर्त गाठण्यासाठी घाई कोणी केली, ३५ फुटी कामाला कागदावर कोणाची संमती होती, आणि ती देताना त्यांनी काय तपासले, हे आपल्यासारख्या सामान्य बायकांना आजही सरळ शब्दांत कोणी सांगितलेले नाही.

वचन मात्र पाळले गेले, हेही प्रामाणिकपणे सांगावयास हवे. ज्येष्ठ शिल्पकार राम सुतार यांच्याकडे नवे काम सोपविण्यात आले आणि ११ मे २०२५ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याच जागी ६० फुटी पुतळ्याचे अनावरण झाले. खर्च सुमारे ३१ कोटी ७५ लाख रुपये. या वेळी जाणकार अभियंत्यांचा सल्ला घेतला, पुतळा किमान शंभर वर्षे टिकला पाहिजे अशी अट घातली आणि दहा वर्षे देखभालीची जबाबदारी करणाऱ्यावरच टाकली. ऐकून बरे वाटते. पण माझ्या मनात लगेच आले की, हीच अट पहिल्या वेळी घातली असती तर? अट काही नव्याने शोधून काढलेली नव्हती. आपण साधे घराचे पत्रे बसवून घेतो तेव्हाही विचारतो, “दादा, पहिल्या पावसात गळले तर कोण येणार?” आणि पुढच्याच महिन्यात, जून २०२५ मध्ये, नव्या चबुतऱ्याच्या शेजारची जमीन खचल्याची बातमी आलीच. पुतळ्याला काही धोका नाही असे सांगण्यात आले, आणि तो सुखरूप आहे याचा आपल्याला आनंदच आहे. पण तेही पुन्हा ज्यांनी काम केले, त्यांनीच सांगितले.

अशी उदाहरणे एकाच पक्षाची आहेत असे कृपा करून समजू नका. आपल्याच महाराष्ट्रात, यवतमाळला, २४ जानेवारी १९७८ रोजी इंदिरा गांधी यांनी जाहीर सभेत आणीबाणीतील अतिरेकांची जबाबदारी स्वीकारली होती. सक्तीच्या नसबंदीचे ते दिवस आपल्यातील वडीलधाऱ्या स्त्रियांना आठवत असतील. बाईंनी चूक मानली, लोकांनी ऐकून घेतले, आणि १९८० च्या जानेवारीत त्या पुन्हा सत्तेवर आल्या. परंतु आणीबाणी इतक्या सहजपणे पुन्हा लादता येऊ नये याची तजवीज यवतमाळच्या त्या भाषणाने झाली नाही. ती झाली १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने, आणि ती केली दुसऱ्या सरकारने. ‘अंतर्गत अशांतता’ हे सैल शब्द काढून तेथे ‘सशस्त्र बंड’ असे नेमके शब्द घातले गेले, आणि मंत्रिमंडळाच्या लेखी सल्ल्याशिवाय आणीबाणी पुकारता येणार नाही असे ठरले. पाहा, हीच ती दुसरी सही!

दुसरे उदाहरण साताऱ्याचे. १८ ऑक्टोबर २०१९ रोजी भर पावसात शरद पवार यांनी सांगितले की, लोकसभेला उमेदवार निवडताना माझी चूक झाली. निवडून आलेले उमेदवार काही महिन्यांत राजीनामा देऊन दुसऱ्या पक्षात गेले होते. पवारांनी ती चूक दुरुस्त करण्याचे काम मतदारांवर सोपविले, आणि सातारकरांनी पोटनिवडणुकीत त्यांच्या उमेदवाराला निवडून दिले. त्या पावसाच्या सभेचे पुष्कळ कौतुक झाले. पण उमेदवार कसा निवडावा, हे त्यानंतर कोणत्या पक्षाने मतदारांना विचारून ठरविले? चूक कबूल झाली, टाळ्या पडल्या, आणि उमेदवार निवडण्याची रीत होती तीच राहिली.

आणि मतांचे म्हणाल, तर पुतळा पडल्यावर तीनच महिन्यांत, नोव्हेंबर २०२४ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि सत्ताधारी महायुतीच्या तीन मुख्य पक्षांना २८८ पैकी २३० जागा मिळाल्या. कोणी म्हणेल, लोकांनी माफ केले, विषय संपला. तसे नाही, भगिनींनो. मत देताना आपण हजार गोष्टी मनात धरतो. मत देणे म्हणजे वही तपासणे नव्हे. मलाही त्या वर्षी मंडळाने पुन्हा खजिनदार निवडलेच होते! पण वही तपासल्यावर.

आता माझ्या बोलण्याच्या गाभ्याकडे येते. पालघरच्या त्या व्यासपीठावर एका हाताने माफीचा नमस्कार झाला आणि दुसऱ्या हाताने वाढवणच्या बंदराचा पाया घातला गेला. पुतळा ३५ फुटांचा होता. बंदर सुमारे ७६ हजार कोटी रुपयांचे आहे आणि त्यासाठी १,४४८ हेक्टर समुद्रात भराव घालावयाचा आहे. समुद्रात दहा किलोमीटरहून लांब बांध घातला जाणार आहे. डहाणूच्या पर्यावरणासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये प्राधिकरण नेमले गेले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. त्या प्राधिकरणाने १९९८ मध्ये याच ठिकाणच्या बंदराला नकार दिला होता. पुढे धर्माधिकारी २०१९ मध्ये वारले, आणि त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी संमती दिली. पायाभरणीच्या दिवशी किनाऱ्यावर काळे झेंडे लागले ते उगीच नव्हेत.

बंदर हवे की नको, यावर आपल्यातही दोन मते आहेत हे मला ठाऊक आहे. ज्यांची मुले सफाळ्याहून पहाटेची गाडी पकडून मुंबईला नोकरीला जातात, त्यांना जवळ काम मिळाले तर हवेच आहे. ज्यांच्या घरी होडी आहे, त्यांच्या पोटात गोळा येतो. दोघींचेही खरे आहे. त्याचा निकाल लावावयास मी येथे उभी नाही. मला एवढेच सांगावयाचे आहे की, चुकांचे दोन प्रकार असतात. जाळे फाटले तर ते तुणता येते. वेळ जातो, पण पुन्हा मासळी येते. पण मासळीने अंडी घालण्याची जागाच गेली, तर कोणता पुढारी ती तुणून देणार? ज्या पापलेटला २०२३ मध्ये आपल्या राज्याने राज्यमासा म्हणून मान दिला, तो कोणाच्या माफीने जाळ्यात परत येत नाही. पुतळा ओतून पुन्हा उभा करता येतो. समुद्र पुन्हा ओतता येत नाही. म्हणून जेथे चूक दुरुस्त होण्याजोगी नाही, तेथे “चुकले तर दुरुस्त करू” या वचनाला काहीच किंमत नाही. तेथे आधीच विचारावयास हवे, आणि उत्तर लेखी घ्यावयास हवे.

मग विचारावयाचे काय? फार मोठी विद्वत्ता लागत नाही. कोणीही पुढारी, मग तो दिल्लीचा असो की आपल्या वॉर्डाचा, “आमची चूक आम्हीच सुधारू” असे म्हणाला की आपण चार प्रश्न विचारावेत. चूक नेमकी कोणती, ती एका वाक्यात सांगा. ती कोणाच्या सहीने झाली? दुरुस्तीचा खर्च चुकणाऱ्याच्या पदरचा की आमच्याच करातला? आणि सुधारणा झाली की नाही, हे तुमच्याशिवाय दुसरे कोण तपासणार? या चारांची उत्तरे मिळाली तर खुशाल क्षमा करावी, मनापासून करावी. न मिळाली तर नमस्काराला नमस्कार करावा, आणि वही मागावी.

आणि वही मागण्याची सोय आपल्याला आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असे आपल्या ग्रामपंचायत कायद्यात लिहिलेले आहे. ती सभा किती ठिकाणी केवळ सह्यांपुरती होते, हे आपण जाणतोच. २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. साध्या कागदावर अर्ज लिहिता येतो. पंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत. तरी पुष्कळदा असे होते की, पाण्याच्या टाकीला तडा गेला, धक्क्याचे दगड सरकले, की कोणी तरी येऊन “पुढच्या वर्षी नवीन बांधून देतो” म्हणतो, आणि आपण नारळ फोडावयास ओट्या घेऊन उभ्या राहतो. मीही उभी राहिले आहे. पहिले काम का बिघडले, हे मीही विचारले नव्हते. म्हणून हा दोष मी फक्त पुढाऱ्यांच्या माथी मारीत नाही. न विचारणारा समाज हा चुकणाऱ्या पुढाऱ्याची अर्धी चूक आपल्या अंगावर घेतो.

मंडळाच्या या वर्षात आपण एक लहानसा संकल्प करू या. पुढच्या महिला सभेला आपण वीस-पंचवीस जणी तरी जाऊ. आपल्या भागात एक काम एकदा बिघडून पुन्हा मंजूर झाले असेल, तर त्याच्या जुन्या कामाचा कागद आधी मागू. भांडण नको, घोषणा नकोत. एक वही, एक पेन आणि चार प्रश्न एवढे पुरे.

माझ्या हिशेबाची वही मागणाऱ्या त्या काकी आज हयात नाहीत. त्यांना भाषणे करता येत नव्हती. मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता, आणि नंतर काही दिवस मी त्यांच्याशी धड बोललेही नाही. आज मात्र वाटते की, माझ्या पाठीवरून हात फिरवणाऱ्या सगळ्या जणींचे माझ्यावर प्रेम होतेच. परंतु मंडळावर प्रेम त्यांचे एकटीचे जास्त होते. क्षमा करणाऱ्या पुष्कळ असतात. वही मागणारी एखादीच असते, आणि संस्था तिच्यामुळे टिकते. आपले गाव, आपला जिल्हा आणि आपला देशही त्याला अपवाद नाही.

माझे काही चुकले असेल तर ते मला अवश्य सांगा. दुरुस्त मी करीन, पण तपासा मात्र तुम्ही.